महान प्रशिक्षक आणि कॉलेज फुटबॉल संघाचा वारसा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

या पानावरील उत्तरे प्रामुख्याने अमेरिकेतील अलाबामा विद्यापीठाच्या संघाला धरून दिली आहेत. कॉलेज फुटबॉलच्या इतिहासात सर्वश्रेष्ठ म्हणून ज्या दोन प्रशिक्षकांची नावे सर्वाधिक वेळा घेतली जातात, ते पॉल 'बेअर' ब्रायंट आणि निक सेबन हे दोघेही याच संघाचे. त्या दोघांच्या कारकिर्दींच्या मधे २४ हंगाम गेले. प्रशिक्षक असताना काय घडते आणि तो गेल्यावर काय उरते, हे दोन्ही त्यामुळे एकाच ठिकाणी तपासता येते. गरज आहे तेथे नेब्रास्का, कॅन्सस स्टेट, ग्रॅम्बलिंग आणि पेन स्टेट यांचीही उदाहरणे घेतली आहेत.

येथे कोणत्या फुटबॉलविषयी लिहिले आहे? आणि एका विद्यापीठाच्या संघाला एवढे महत्त्व का?

लांबट चेंडू हाताने फेकत किंवा कवेत घेऊन पळत खेळल्या जाणाऱ्या अमेरिकन फुटबॉलविषयी. विद्यापीठांचा नियमित हंगाम ऑगस्टच्या अखेरीपासून नोव्हेंबरअखेरपर्यंत चालतो आणि त्यात साधारण १२ सामने होतात. टस्कलूसा या गावातील अलाबामाच्या मैदानात एक लाखाहून अधिक प्रेक्षक बसतात. अलाबामा राज्यात फुटबॉल, बास्केटबॉल किंवा बेसबॉलच्या सर्वोच्च व्यावसायिक साखळीतील एकही संघ नाही, त्यामुळे विद्यापीठाचा संघ हाच राज्याचा संघ ठरतो आणि जे कधी त्या विद्यापीठाची पायरीही चढले नाहीत, त्यांचीही निष्ठा त्याच्याशी बांधलेली असते. शिकायला गेलेल्या मुलामुळे अमेरिकेतील एखाद्या विद्यापीठाशी संबंध आलेल्या मराठी पालकांना शरद ऋतूतील शनिवारी सारे गाव एकाच रंगाचे कपडे घालून का फिरते, असा प्रश्न पडतो. त्याचे उत्तर बहुधा हेच असते.

खेळाडूंपेक्षा प्रशिक्षकाचे नाव मोठे का होते?

खेळाडू येतात आणि जातात. कितीही गुणवान असला तरी तो साधारण चार हंगाम खेळतो आणि पदवी घेऊन किंवा व्यावसायिक संघाकडून बोलावणे येताच निघून जातो. दहा वर्षे एका जागी टिकून राहणारा माणूस म्हणजे प्रशिक्षक.

दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. व्यावसायिक साखळीत मागच्या वर्षी तळाला राहिलेल्या संघाला नव्या खेळाडूंच्या निवडीत पहिला हक्क मिळतो आणि त्यामुळे संघांचे बळ आपोआप काहीसे समान होत राहते. विद्यापीठांच्या खेळात अशी कोणतीही वाटणी नाही. सतरा वर्षांच्या मुलाच्या घरी जाऊन, त्याच्या आईवडिलांसमोर बसून, 'तुमचा मुलगा आमच्याकडे पाठवा' असे पटवून द्यावे लागते. जिंकणाऱ्याकडे चांगली मुले येतात आणि चांगली मुले आली की आणखी जिंकता येते. हे चक्र प्रथम फिरवणे आणि नंतर थांबू न देणे, ही दोन्ही कामे मुख्य प्रशिक्षकाची असतात, त्यामुळे त्याच्या व्यक्तिमत्त्वाची छाप संघाच्या रचनेवर इतर कोणत्याही खेळाच्या तुलनेत अधिक खोल उमटते.

अलाबामाचा वारसा ब्रायंट यांच्यापासून सुरू होतो का?

नाही, जरी टस्कलूसातील अनेकांच्या बोलण्यातून तसे वाटते. वॉलेस वेड १९२३ ते १९३० या काळात प्रशिक्षक होते. १ जानेवारी १९२६ रोजी त्यांच्या संघाने कॅलिफोर्नियातील रोझ बोल या हंगामाअखेरच्या प्रतिष्ठेच्या सामन्यात वॉशिंग्टन विद्यापीठाला २०-१९ असे हरवले. त्या सामन्यासाठी दक्षिणेतील संघाला प्रथमच बोलावणे आले होते, आणि यादवी युद्धातील पराभवाची सल बाळगणाऱ्या दक्षिणेने हा विजय स्वतःचा मानून साजरा केला. वेड यांच्यानंतर आलेले फ्रँक थॉमस हे नोत्र दाम विद्यापीठात प्रशिक्षक न्यूट रॉकनी यांच्या हाताखाली खेळलेले होते. रॉकनी यांनी १९१८ ते १९३० या काळात १०५ सामने जिंकले आणि केवळ १२ गमावले, तेव्हा त्यांची शिस्त आणि डावपेच थॉमस यांच्याबरोबर दक्षिणेत आले. १९३४ च्या थॉमस यांच्या अपराजित संघात आर्कान्सामधील एका गरीब शेतकरी कुटुंबातला उंचापुरा मुलगा होता, आणि तोच पॉल ब्रायंट.

ब्रायंट यांनी नेमके काय घडवले?

१९५५ ते १९५७ या तीन हंगामांत अलाबामाने ४ सामने जिंकले, २४ गमावले आणि २ बरोबरीत सोडवले. १९५८ मध्ये ब्रायंट परतले ते मेरीलँड, केंटकी आणि टेक्सास ए अँड एम येथील अनुभव घेऊन. चौथ्याच हंगामात, १९६१ मध्ये, संघ अपराजित राहिला. त्या अकरा सामन्यांत सर्व प्रतिस्पर्ध्यांना मिळून फक्त २५ गुण करता आले. १९८२ च्या अखेरीस ते निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या नावावर एकूण ३२३ विजय होते, त्यांपैकी २३२ अलाबामाचे. विद्यापीठ त्यांच्या काळातील सहा राष्ट्रीय विजेतेपदे मोजते : १९६१, १९६४, १९६५, १९७३, १९७८ आणि १९७९.

ही मोजदाद सावधपणे घ्यावी. त्या काळी विजेता अंतिम सामन्याने ठरत नसे. पत्रकारांचे आणि प्रशिक्षकांचे स्वतंत्र मतदान होत असे, आणि तेही काही वर्षी शेवटच्या मोठ्या सामन्याआधीच. १९६४ चा संघ विजेता घोषित झाल्यावर टेक्सासकडून हरला, १९७३ चा नोत्र दामकडून एका गुणाने हरला, आणि १९७८ चा मान सदर्न कॅलिफोर्नियाबरोबर वाटून घ्यावा लागला. तरीही सहा हा आकडा अलाबामात कोणी कमी करू देणार नाही.

विजयांइतकीच त्यांची बदलण्याची तयारी लक्षात घेण्यासारखी आहे. १९६९ आणि १९७० हे हंगाम सामान्य गेले, तेव्हा टेक्सासचे प्रशिक्षक डॅरेल रॉयल यांच्याकडून त्यांनी 'विशबोन' ही धावण्यावर भर देणारी आक्रमणाची रचना शिकून घेतली, १९७१ च्या उन्हाळ्यात ती गुप्तपणे संघाकडून घटवून घेतली आणि पहिल्याच सामन्यात सदर्न कॅलिफोर्नियाला १७-१० असे चकित केले. पन्नाशी उलटलेल्या आणि तीन विजेतेपदे मिळवलेल्या माणसाने आपली पद्धत टाकून प्रतिस्पर्ध्याकडे शिकायला जावे, हे या क्षेत्रात फार क्वचित घडते.

त्यांची कठोरता मात्र आजच्या निकषावर टिकणारी नाही. १९५४ मध्ये टेक्सास ए अँड एमच्या मुलांना जंक्शन नावाच्या गावी दुष्काळी उन्हात नेऊन त्यांनी जे शिबिर घेतले, त्यातून बहुसंख्य मुले पळून गेली किंवा सोडून गेली. त्या हंगामात संघाने दहांपैकी एकच सामना जिंकला. दोन वर्षांनी तोच संघ आपल्या विभागात (म्हणजे दरवर्षी एकमेकांशी खेळणाऱ्या विद्यापीठांच्या गटात) अपराजित राहून विजेता ठरला, म्हणून त्या शिबिराची गोष्ट शौर्यकथेसारखी सांगितली जाते. सोडून गेलेल्या मुलांना विचारले असते तर ती कथा निराळी झाली असती.

वर्णभेदाच्या प्रश्नावर ब्रायंट यांची भूमिका काय होती?

येथे दंतकथा आणि इतिहास वेगळे करावे लागतात. जून १९६३ मध्ये गव्हर्नर जॉर्ज वॉलेस याच विद्यापीठाच्या दारात कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचा प्रवेश अडवण्यासाठी उभे राहिले होते, आणि त्यानंतर अनेक वर्षे संघ संपूर्ण गोराच राहिला. प्रचलित कथा अशी की १२ सप्टेंबर १९७० रोजी बर्मिंगहॅममध्ये सदर्न कॅलिफोर्नियाच्या सॅम कनिंगहॅम या कृष्णवर्णीय खेळाडूने अलाबामाची दाणादाण उडवली, ४२-२१ असा पराभव झाला आणि राज्याचे डोळे उघडले. वस्तुतः त्या दिवशी विल्बर जॅक्सन हा कृष्णवर्णीय खेळाडू शिष्यवृत्ती घेऊन अलाबामात दाखलही झाला होता. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला मुख्य संघातून खेळण्याची मुभा नसल्याने तो मैदानात दिसला नाही, एवढेच. पुढच्या वर्षी जॉन मिचेल मुख्य संघातून खेळला.

ब्रायंट यांचे समर्थक म्हणतात की त्या राजकीय वातावरणात त्यांना याहून वेगाने जाता आले नसते. हा युक्तिवाद मला पुरता पटत नाही, कारण राज्यात त्यांच्याइतके वजन असलेला दुसरा माणूस शोधावा लागला असता. ज्याच्या शब्दाला एवढी किंमत होती, त्याने तो १९६५ मध्ये खर्च केला असता तर काय झाले असते, हा प्रश्न त्यांच्या वारशाचा भाग म्हणूनच पाहिला पाहिजे.

याच काळात लुइझियानामध्ये एडी रॉबिन्सन हे ग्रॅम्बलिंग या कृष्णवर्णीयांच्या छोट्या विद्यापीठात संघ उभा करत होते. १९४१ ते १९९७ पर्यंत त्यांनी ४०८ विजय मिळवले आणि दोनशेहून अधिक खेळाडू व्यावसायिक फुटबॉलमध्ये पाठवले. दक्षिणेतील मोठ्या विद्यापीठांनी दारे बंद ठेवली म्हणून ती मुले त्यांच्याकडे आली; दारे उघडल्यावर तीच गुणवत्ता अलाबामासारख्या श्रीमंत संघांकडे वळली आणि ग्रॅम्बलिंगसारख्या संघांचा ओघ आटला. महान प्रशिक्षकांची चर्चा करताना हे नाव अनेकदा वगळले जाते, ते केवळ दूरचित्रवाणीचे कॅमेरे तिकडे फारसे वळत नसत म्हणून.

ब्रायंट गेल्यावर संघाचे काय झाले?

२९ डिसेंबर १९८२ रोजी ब्रायंट यांनी शेवटचा सामना जिंकला आणि २६ जानेवारी १९८३ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या जागी त्यांचाच माजी खेळाडू रे पर्किन्स आला. त्याने विशबोन टाकून दिली, सरावावर लक्ष ठेवण्यासाठी ब्रायंट ज्या उंच मनोऱ्यावर उभे राहत तो मनोरा हलवला, आणि १९८४ मध्ये विजयांपेक्षा पराभव अधिक असा १९५७ नंतरचा पहिला हंगाम अलाबामाने पाहिला. नंतर आलेल्या बिल करी यांनी तीन हंगामांत २६ सामने जिंकले, पण ते ब्रायंट यांच्या परंपरेतले नव्हते आणि शेजारच्या ऑबर्न विद्यापीठाकडून तिन्ही वर्षे हरले. ते स्वतःहून केंटकीला निघून गेले.

१९९० मध्ये आलेले जीन स्टॉलिंग्ज हे जंक्शनच्या शिबिरात टिकलेल्या मुलांपैकी एक आणि पुढे ब्रायंट यांचे सहायक. १९९२ चे राष्ट्रीय विजेतेपद त्यांनी मायामीला ३४-१३ असे हरवून मिळवले. त्यानंतर मात्र घसरण झाली : नियमभंगाबद्दल १९९५ आणि २००२ मध्ये शिक्षा, एका मागून एक बदललेले प्रशिक्षक, आणि २००३ मध्ये तर एकही सामना होण्याआधी माइक प्राइस यांची हकालपट्टी.

या २४ हंगामांकडे पाहिल्यावर माझे मत असे बनते की ब्रायंट यांनी मागे अपेक्षा ठेवली, पण ती पुरी करणारी यंत्रणा ठेवली नाही. यंत्रणा म्हणजे ते स्वतः होते. उरलेल्या लोकांनी त्यांच्या कौटुंबिक वर्तुळात उत्तराधिकारी शोधला आणि प्रत्येकाची तुलना एका मृत माणसाच्या सर्वोत्तम दिवसांशी केली.

निक सेबन यांची 'प्रोसेस' म्हणजे काय?

याचे मूळ अलाबामात नाही. १९९८ मध्ये सेबन मिशिगन स्टेटचे प्रशिक्षक असताना अव्वल क्रमांकाच्या ओहायो स्टेटशी सामना होता आणि जिंकण्याची आशा कोणालाच नव्हती. त्याच विद्यापीठातील मानसोपचाराचे प्राध्यापक लायनेल रोझेन यांच्या सल्ल्यावरून त्यांनी खेळाडूंना निकालाचा विचार सोडून केवळ चालू डावावर लक्ष देण्यास सांगितले. एक डाव काही सेकंदांत संपतो. तेवढा वेळ आपले काम चोख करायचे आणि गुणफलकाकडे न पाहता पुढच्या डावाकडे वळायचे. मिशिगन स्टेटने तो सामना २८-२४ असा जिंकला.

सेबन यांनी हा विचार मैदानापुरता ठेवला नाही. एखाद्या जागेसाठी हवा असलेला खेळाडू किती उंच, किती वजनाचा आणि किती वेगवान असावा याचे ठरीव निकष, आहार, व्यायाम, अभ्यासाची शिकवणी, मानसिक तयारी आणि प्रतिस्पर्ध्याचा चित्रफितींवरून अभ्यास करणारी मोठी तुकडी, या सर्वांना त्यांनी एका पद्धतीत बसवले. नोकरी गेलेल्या नामवंत प्रशिक्षकांनाही ते विश्लेषक म्हणून घेत असत. स्टीव्ह सार्किसियन हे २०१६ मध्ये असेच आले आणि पुढे टेक्सासचे मुख्य प्रशिक्षक झाले.

जानेवारी २००७ मध्ये ३ कोटी २० लाख डॉलरांचा आठ वर्षांचा करार करून सेबन आले, तेव्हा एका प्रशिक्षकाला एवढे पैसे कशासाठी, अशी टीका झाली. त्या वसंतातील सराव सामन्याला ९२,१३८ लोक आले. पहिला हंगाम मात्र ७ विजय आणि ६ पराभव असा गेला, आणि त्यात लुइझियाना-मनरो या दुबळ्या संघाविरुद्ध घरच्या मैदानावर झालेला पराभवही होता. त्यानंतर २००८ ते २०२३ या काळात एकही वर्ष दहापेक्षा कमी विजयांचे गेले नाही. २००९, २०११, २०१२, २०१५, २०१७ आणि २०२० ही सहा विजेतेपदे अलाबामात आणि २००३ चे एक लुइझियाना स्टेटमध्ये, अशी एकूण सात. ब्रायंट यांच्यापेक्षा एक जास्त, आणि सर्व प्रत्यक्ष अंतिम सामन्यात जिंकलेली.

८ जानेवारी २०१८ चा अंतिम सामना या पद्धतीचे उत्तम उदाहरण आहे. जॉर्जियाविरुद्ध मध्यंतराला ०-१३ असे मागे असताना सेबन यांनी दोन हंगाम खेळलेला क्वार्टरबॅक (आक्रमणाची सूत्रे सांभाळणारा आणि चेंडू फेकणारा खेळाडू) जेलन हर्ट्स याला बसवून टुआ टागोवायलोआ या पहिल्या वर्षाच्या मुलाला उतरवले आणि सामना जादा वेळेत २६-२३ असा जिंकला. त्याहून बोलके म्हणजे हर्ट्स संघ सोडून गेला नाही. त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये, त्याच जॉर्जियाविरुद्ध, टुआ जायबंदी झाल्यावर हर्ट्सने येऊन सामना फिरवला.

प्रशिक्षकामुळे विद्यापीठाचे खरोखर भले होते का, की केवळ संघाचे?

अलाबामात २००७ मध्ये २५ हजारांच्या आतबाहेर असलेली विद्यार्थिसंख्या २०१७ पर्यंत ३८ हजारांच्या पुढे गेली, आणि बाहेरच्या राज्यांतून येणारे, म्हणजे अधिक शुल्क भरणारे, विद्यार्थी मोठ्या संख्येने वाढले. याचे सारे श्रेय सेबन यांना देण्याचा मोह होतो. परंतु विद्यार्थिसंख्या वाढवण्याची योजना २००३ मध्ये अध्यक्ष झालेल्या रॉबर्ट विट यांनी आधीच आखली होती आणि बाहेरच्या हुशार मुलांना सढळ शिष्यवृत्त्याही दिल्या जात होत्या. फुटबॉलने विद्यापीठाचे नाव दर शनिवारी देशभरातील घरांत पोहोचवले; दार कोणासाठी उघडायचे हे विद्यापीठाने ठरवले. दोहोंपैकी एक नसते तर दुसऱ्याचा एवढा उपयोग झाला नसता.

सहायक प्रशिक्षकांमधून वारसा कसा पसरतो?

तो आपल्याच विरुद्ध उभा राहतो, हे थोडक्यात उत्तर. कर्बी स्मार्ट यांनी अलाबामात अनेक वर्षे सेबन यांच्या हाताखाली बचावफळी सांभाळली आणि २०१६ पासून तीच पद्धत जॉर्जियात नेली. २०२१ आणि २०२२ ची राष्ट्रीय विजेतेपदे जॉर्जियाने जिंकली, आणि त्यांपैकी पहिले सेबन यांना ३३-१८ असे हरवून. ऑक्टोबर २०२१ पर्यंत सेबन यांनी आपल्या माजी सहायकांविरुद्धचे सर्व २४ सामने जिंकले होते. ती मालिका जिंबो फिशर यांच्या टेक्सास ए अँड एमने मोडली. महान प्रशिक्षकाच्या यशामुळे त्याच्या सहायकांना दरवर्षी मोठ्या जागा मिळतात, म्हणून त्याला स्वतःचा कर्मचारीवर्ग पुन्हापुन्हा उभारावा लागतो. सेबन यांना हे पंधरा वर्षे जमले, आणि माझ्या मते विजेतेपदांपेक्षाही ही कामगिरी अधिक अवघड होती.

आतल्याच माणसाला उत्तराधिकारी नेमणे अधिक सुरक्षित नाही का?

नेब्रास्काने तसे केले आणि ते एकदा उत्तम साधले. बॉब डेव्हानी यांनी १९७० आणि १९७१ ची विजेतेपदे मिळवून १९७३ पासून संघ आपले सहायक टॉम ऑस्बॉर्न यांच्याकडे सोपवला. ऑस्बॉर्न यांच्या २५ हंगामांपैकी एकाही हंगामात नऊपेक्षा कमी विजय नव्हते, तरी पहिले राष्ट्रीय विजेतेपद यायला १९९४ उजाडले. तोवर धीर धरणारे विद्यापीठ आज सापडणे कठीण. राज्याच्या लहान गावांतील मुले शिष्यवृत्तीशिवाय, स्वखर्चाने येऊन संघात राबत आणि काही वर्षांनी मुख्य संघात जागा मिळवत. राज्याची लोकसंख्या थोडी असल्यामुळे हा मार्ग संघाचा कणा होता.

दुसऱ्यांदा ऑस्बॉर्न यांचे सहायक फ्रँक सॉलिच नेमले गेले. त्यांनी सहा हंगामांत ५८ सामने जिंकले, १९ गमावले, आणि २००३ मध्ये नऊ विजयांनंतरही त्यांना काढण्यात आले. नऊ विजय म्हणजे अपयश, हे मोजमाप ऑस्बॉर्न यांच्या वारशाने घालून दिले होते. १९९९ नंतर नेब्रास्काने आपल्या विभागाचे विजेतेपदही मिळवलेले नाही. १९९७ च्या विजेत्या संघाचा क्वार्टरबॅक स्कॉट फ्रॉस्ट याला २०१८ मध्ये प्रशिक्षक म्हणून आणले, तेव्हा घरचा मुलगा परतला म्हणून आनंद झाला; २०२२ च्या हंगामात तिसऱ्या सामन्यानंतर त्यालाही जावे लागले.

ज्या संघाला इतिहासच नाही, तेथे एक माणूस काही करू शकतो का?

होय, आणि कॅन्सस स्टेटचे बिल स्नायडर हे त्याचे सर्वांत ठळक उदाहरण. ते १९८९ मध्ये आले तेव्हा आधीच्या दोन हंगामांत संघाने एकही सामना जिंकला नव्हता. १९९८ मध्ये हाच संघ नियमित हंगामात अपराजित राहिला. स्नायडर २००५ मध्ये निवृत्त झाले, संघ घसरला, आणि २००९ मध्ये त्यांनाच परत बोलावावे लागले. त्यांचा दुसरा उत्तराधिकारी ख्रिस क्लीमन मात्र बाहेरचा होता आणि २०२२ मध्ये त्याने संघाला विभागीय विजेतेपद मिळवून दिले.

महान प्रशिक्षकाचा वारसा संघाला हानिकारक ठरू शकतो का?

पेन स्टेटमध्ये ठरला. जो पटर्नो १९६६ ते २०११ पर्यंत प्रशिक्षक होते आणि ४०९ विजयांबरोबरच खेळाडूंच्या शिक्षणाचा आग्रह धरणारे म्हणून त्यांना मान होता. नोव्हेंबर २०११ मध्ये त्यांचा अनेक वर्षांचा माजी सहायक जेरी सँडस्की याला मुलांच्या लैंगिक शोषणाबद्दल अटक झाली. २००१ मधील एका प्रसंगाची माहिती पटर्नो यांच्यापर्यंत आली होती आणि त्यांनी ती वरिष्ठांना कळवून तेवढ्यावर सोडली होती, हे पुढे आल्यावर विद्यापीठाने त्यांना पदावरून दूर केले. जानेवारी २०१२ मध्ये त्यांचे निधन झाले, जूनमध्ये सँडस्की ४५ आरोपांत दोषी ठरला आणि जुलैमध्ये मैदानाबाहेरचा पटर्नो यांचा पुतळा हटवण्यात आला. १९९८ पासूनच्या विजयांची नोंद काढून घेतली गेली, ती २०१५ मध्ये परत मिळाली.

येथे व्यक्तीच्या दोषाइतकाच व्यवस्थेचा दोष आहे. प्रशिक्षक विद्यापीठाच्या अध्यक्षाहून मोठा होतो, तेव्हा त्याच्या विभागात काय चालले आहे हे विचारण्याचे धैर्य कोणालाच उरत नाही. अलाबामात मैदानाबाहेर वेड, थॉमस, ब्रायंट, स्टॉलिंग्ज आणि सेबन यांचे पुतळे आहेत, आणि सेबन यांचा तर ते पदावर असतानाच, २०११ मध्ये, उभारला गेला. जिवंत आणि कार्यरत माणसाचा पुतळा उभारू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यानंतर त्याला नोकर म्हणून प्रश्न विचारणे कोणाला जमणार?

खेळाडूंना पैसे आणि संघ बदलण्याची मुभा मिळाल्यावर प्रशिक्षकाचे महत्त्व कमी झाले आहे का?

त्याचे स्वरूप बदलले आहे. १ जुलै २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर आणि प्रतिमेवर पैसे कमावता येतात, त्याच वर्षापासून एक हंगाम बाहेर न बसता संघ बदलता येतो, आणि २०२५-२६ पासून विद्यापीठे आपल्या उत्पन्नातून खेळाडूंना थेट वाटा देऊ शकतात. पहिल्या वर्षी त्याची मर्यादा प्रत्येक विद्यापीठासाठी सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर होती.

सेबन यांच्या पद्धतीचा एक आधार असा होता की दोन वर्षे राखीव फळीत थांबून तिसऱ्या वर्षी तयार झालेला खेळाडू मैदानात उतरे. आता असा मुलगा पहिल्याच हिवाळ्यात दुसरीकडे जातो. १० जानेवारी २०२४ रोजी सेबन यांनी निवृत्ती जाहीर करताच हे सर्वांना दिसले : नियमानुसार अलाबामाच्या खेळाडूंना संघ सोडण्यासाठी ३० दिवसांची खिडकी उघडली, आणि केलेब डाउन्स हा बचावफळीतील गुणी खेळाडू तसेच काही दिवसांपूर्वीच दाखल झालेला क्वार्टरबॅक जूलियन सेयिन, दोघेही ओहायो स्टेटला गेले. त्या हंगामात ओहायो स्टेटने राष्ट्रीय विजेतेपद पटकावले. पूर्वी प्रशिक्षकाने जमवलेली मुले उत्तराधिकाऱ्याला वारशात मिळत. आता प्रत्येकाला पुन्हा नव्याने राजी करावे लागते. व्यावसायिक संघांप्रमाणे विद्यापीठांनीही 'जनरल मॅनेजर' नेमण्यास सुरुवात केली आहे आणि अलाबामात हे काम २०२४ मध्ये कोर्टनी मॉर्गन यांच्याकडे आले.

केलेन डिबोअर यांचे मूल्यमापन कसे करावे?

सेबन यांच्या जागी २०२४ मध्ये अलाबामाचे प्रशिक्षक झालेले डिबोअर हे ब्रायंट किंवा सेबन यांच्या परंपरेतले नाहीत. साउथ डकोटातील सू फॉल्स या लहानशा विद्यापीठात त्यांनी छोट्या संस्थांच्या स्तरावरील तीन विजेतेपदे मिळवली आणि २०२३ मध्ये वॉशिंग्टनला राष्ट्रीय अंतिम सामन्यापर्यंत नेले. बाहेरचा माणूस नेमून अलाबामाने १९८३ ची चूक टाळली, असे मला वाटते. २०२४ च्या त्यांच्या पहिल्या हंगामात २८ सप्टेंबरला त्यांच्या संघाने जॉर्जियाला ४१-३४ असे हरवले आणि पुढच्याच शनिवारी व्हँडरबिल्टकडून ३५-४० असा पराभव पत्करला. हंगाम ९ विजय आणि ४ पराभवांवर संपला. २००८ पासून दहाच्या आत न उतरलेल्या संघाला हा आकडा झोंबणारच, आणि टीका लगेच सुरू झाली.

पहिल्या हंगामावरून निष्कर्ष काढणाऱ्यांनी सेबन यांचे २००७ चे सात विजय आठवावेत. तसेच डिबोअर यांच्या यशापयशात अजून काही वर्षे त्यांच्या पूर्वसूरीचा वाटा राहील, हेही ध्यानात घ्यावे. सेबन यांनी डिसेंबर २०२३ मध्ये करारबद्ध केलेल्या शेवटच्या तुकडीतील जे खेळाडू टस्कलूसात थांबले, त्यांची चार वर्षे २०२७ च्या हंगामाबरोबर पूर्ण होतात. डिबोअर यांचा स्वतःचा म्हणता येईल असा संघ त्यानंतरच पाहायला मिळेल, अर्थात तोवर त्यांना तेथे राहू दिले तर.